मागच्या चाकावरची रेघ

१० ऑक्टोबर १९६६, सोमवार

आज पुन्हा मातीच्या नमुना-गाडीचा मागचा फुगवटा उतरवला. दिवसभराची माती बादलीत. घरी बायकोने, आयरीनने विचारलं, काय केलंस आज? म्हटलं, काल चढवलेलं आज काढलं. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

प्रूइट येऊन गेला. इंजिनवाला प्रूइट. टाय नेहमी खिशात कोंबलेला, कपाळावर आठ्या, बोलण्यात मात्र मिठास.
"कॅस, मागचे टायर अजून रुंद होणार."
"कुणी सांगितलं?"
"इंजिनाने."

आता याला काय बोलणार! मूळ गाडी आखली तेव्हा तिच्या नाकात मध्यम इंजिन होतं. मग वरच्यांना वाटलं, शर्यतीतलं मोठं घाला. घातलं. ते बसेना म्हणून बॉनेट उचललं. नाक जड झालं म्हणून पुढचे स्प्रिंग बदलले. आता एवढी ताकद मागच्या चाकांना दिली की ती जागच्या जागी उड्या मारतात. म्हणून मागचे पाटे कडक, टायर रुंद. आणि रुंद टायर पोटात घ्यायला माझं मागचं मडगार्ड फुगवायचं. कमी फुगवलं तर खड्ड्यात चाक पत्र्याला घासतं. जास्त फुगवलं तर पत्रा दाबून आकार देणारे प्रेसवाले बोंबलतात, एवढा खोल ठसा मारला की पत्रा फाटतो. आणि दोघांना चालेल इतकंच फुगवलं तर गाडी दिसते लग्नाचं जेवण उरकून उठलेल्या माझ्या मोठ्या मावशीसारखी. बसलेली नव्हे, चालणारी हवीये मला ती. झेपावणारी.

उजव्या बाजूला टॉइवो शीळ घालत काम करतोय. त्याचं मडगार्ड सपाट, वर एक धारदार घडी. त्याला हा त्रास नाही. त्याच्या चित्रात फुगवटाच नाही — रुंद टायर त्याने सरळ पत्रा बाहेर घेऊन झाकलाय. ठोकळा दिसतो, पण घासत नाही.

गाडी एक, रूपं दोन. डावी बाजू माझी, उजवी त्याची. मधोमध आरसा उभा केला की माझी अर्धी गाडी पुरी होते, आरसा फिरवला की त्याची. साहेबलोक येतील, दोन्हीकडून बघतील, एक निवडतील. उरलेली खरवडून टाकायची. आमच्या धंद्यात हे असंच.

टॉइवो लेहतिनेनची बाजू आजवर कधी निवडली गेलेली नाही. एवढी वर्षं, इतक्या गाड्या. दरवेळी त्यानेच ती खरवडलीये, शीळ घालत.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी डबा खाताना टॉइवो म्हणाला, "तुझा फुगवटा चाकाशी सुरू होतो. दारापासून सुरू कर."
"दार चाकापासून लांब आहे."
"म्हणूनच. लवकर सुरू झालं की हळूहळू चढतं. पत्र्याला कळतच नाही आपल्याला ओढतायत."
"तू तुझी बाजू बघ."
"बघतोय की. तिथून तुझी जास्त चांगली दिसते."

फिनलंडची ही मंडळी चेहरा न हलवता थट्टा करतात, म्हणून चीड जास्त येते. बायकोने, आयलीने दिलेली मटण-बटाट्याची करंजी त्याने अर्धी मला दिली. हल्ली रोजच अर्धी देतो. मी माझं सॉसेजचं सँडविच पुढे केलं तर नको म्हणाला.

टॉइवो डावखुरा. त्याच्या पात्याचे ओरखडे वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात, आम्हा बाकी सगळ्यांचे उजवीकडून डावीकडे. कच्ची माती बघून स्टुडिओतला कुणीही सांगेल, इथे टॉइवो होता. नंतर पोलादी पट्टीने घोटून ती गुळगुळीत होते, वर चंदेरी फिल्म चढते, तेव्हा कुणाचा हात काही कळत नाही. साहेबांना वाटतं गाडी आपोआप उगवली.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

फुगवटा अजून मावशीच. बिग्जने — आमचा स्टुडिओप्रमुख — लांबून बघितलं, पाइप तोंडातून काढला, परत घातला, गेला. याचा अर्थ वाईट.

टॉइवोने पट्ट्याला नवं भोक पाडलंय. खिळ्याने. मी म्हटलं, बारीक होतोयस, आयली उपाशी ठेवते की काय? म्हणाला, पोट बरं नाही. डॉक्टरकडे गेलास? गेलो होतो. काय म्हणाला? "म्हणाला, पोट बरं नाही."

३१ ऑक्टोबर, सोमवार

सोंगं घेऊन गोळ्या मागायचा सण, संध्याकाळभर पोरं दारात. भुतं, चेटकिणी, एक मुलगा पुठ्ठ्याची गाडी अंगात घालून आलेला! आयरीनने त्याला मूठभर जास्त गोळ्या दिल्या. मी त्याचं मागचं चाक बघत बसलो. काय हे माझं.

मन थाऱ्यावर नाही. आज बिग्जने दोघांना बोलावलं. खर्चाला कात्री लागलीये. ज्याची बाजू घेतली जाईल तो या गाडीवर राहील, शेवटपर्यंत, मुख्य म्हणून. दुसऱ्याने ट्रकच्या खात्यात जायचं — जुन्या इमारतीच्या तळघरात, डॅशबोर्डची बटणं कोरायला. बटणं! तिथे गेलेला माणूस वर आलेला मी पाहिलेला नाही.

बाहेर आलो. मग टॉइवो म्हणाला, "कॅस, तुला एक सांगू? सिग्नलला थांबलो ना, की मी शेजारच्या गाड्या बघतो. आयली म्हणते काय बघतोस. वाटतं, एकदा तरी आपली एखादी रेघ शेजारी येऊन थांबावी. लाल दिव्यापुरती. मग जाईना का."

मी म्हणायला हवं होतं, येईल रे. मी म्हटलं, "मला पण वाटतं." आणि खरं तेच होतं. माझ्या रेघा रस्त्यावर आहेत. दोन गाड्यांच्या. तरी मला अजून हवी आहे.

९ नोव्हेंबर, बुधवार

टॉइवो या वर्षी हरणांच्या शिकारीला येत नाही!

पंधरा नोव्हेंबरला मोसम उघडतो आणि अख्खं डेट्रॉइट उत्तरेला पळतं. कारखान्याचे पट्टे अर्ध्या माणसांवर चालतात, स्टुडिओत चिटपाखरू नसतं. आम्ही दोघं दरसाल त्याच्या चुलतभावाच्या लाकडी खोपटात. माझी पोरं जन्मायच्या आधीपासून. हरीण मिळो न मिळो, तो सौना, त्यांची ती वाफेची खोली, तापवतो, मी बटाटे भाजतो, दोघं मिळून बिग्जला शिव्या घालतो. ते सात-आठ दिवस म्हणजे वर्षातली माझी खरी सुट्टी.

"का नाही येत?"
"पोट."
"तिकडे बरं वाटेल. सौनात बसलास की —"
"इथे थोडं काम आहे."

काम! स्टुडिओ रिकामा, मी लांब, आणि याला काम. मग माझं डोकं फिरलं. म्हणालो, "बरोबर आहे. मी जंगलात थंडीत बसतो, तू इथे तुझी घडी पाजळत बस." त्याने नुसतं बघितलं. नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

रात्री जेवताना आयरीनला सांगितलं. ती म्हणाली, आजारी माणसाशी असं बोलतात का. मी म्हटलं, तू नको शिकवू. पोरं ताटात बघत बसली.

१४ नोव्हेंबर, सोमवार

जायच्या आधी रागारागात दारापासून थोडी माती चढवली. त्याचं ऐकलं म्हणून नव्हे. करून बघायला काय जातं? माती भट्टीतून गरम आली, हाताला चटके, गंधकाचा वास. घाईत कशीबशी चढवली, वेडीवाकडी, नीट बघितलंही नाही. पाच वाजता भोंगा झाला. परत आल्यावर बघू.

मग एक केलं. घरून जुनी चादर नेली होती. माझी बाजू पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत झाकून टाकली, कडा चिकटपट्टीने चिकटवल्या. टॉइवो त्याच्या बाजूला उभा राहून बघत होता.

"थंडी वाजेल म्हणून का रे तिला?"

मी शेवटची चिकटपट्टी दाबली. "येतो" म्हणून निघालो. तो म्हणाला, "वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस, नाहीतर हरणाला वास लागतो. मागल्या वर्षी विसरला होतास."

१७ नोव्हेंबर, गुरुवार. ग्रेलिंगच्या पुढे

हरीण नाही. बर्फ भुरभुरतंय. सौनाची शेगडी मला पेटवता येत नाही, नुसता धूर. समोरचा बाक रिकामा.

त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "टॉइवो नाही तर गप्पा कोण मारणार?" मजाच. टॉइवो गप्पा मारतो कुठे? तो गप्प बसतो. पण त्याच्या गप्प बसण्यात आपल्याला बोलता येतं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

काय काय झालंय मागे!

साहेबांचं बघणं अलीकडे ओढलं — दोन डिसेंबर. म्हणून बिग्जने माणसं बोलावून शनिवारीच दोन्ही बाजूंना फिल्म चढवून घेतली. मी पोचलो तेव्हा गाडी चंदेरी होऊन उभी. मी ओरडलोच, माझी बाजू अर्धवट होती! फिल्मवाला म्हणाला, "अर्धवट? टॉइवोला विचारलं होतं आम्ही. तो म्हणाला डावी तयार आहे, चढवा. कुठे हात लावावा लागला नाही."

मी लांब गेलो आणि वळून बघितलं.

आहे! जमलंय! दाराच्या मधोमध रेघ जागी होते, सावकाश वर येते, चाकावर खांदा उचलते आणि शेपटीकडे उतरून संपते. मावशी कुठच्या कुठे गेली. उडी मारायच्या आधी मागचे पाय मुडपून बसलेलं जनावर. रोज डोळ्यांसमोर असलं की आपल्याला आपलंच काम दिसत नाही. आठवडाभर जंगलात बसलो, डोळे धुऊन निघाले, आणि दिसलं. घाईत, रागात चढवलेली माती आणि ती अशी बसावी! हात कधी कधी डोक्याच्या पुढे असतो. मी खूप वेळ नुसता उभा होतो.

प्रूइट आला, त्याचा पत्र्याचा साचा लावून बघितला. चाक पूर्ण वर उचललं तरी घासत नाही. प्रेसवाल्यांचा माणूसही होता. म्हणाला, हा ठसा निघेल, पत्रा फाटणार नाही. प्रूइटने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या माणसाने आजवर कुणाच्या पाठीवर थाप मारलेली नाही.

मग उजवीकडे गेलो. टॉइवोची बाजू — तशीच! जशी सोडून गेलो होतो तशी. घडी तीच, ठोकळा तोच. आठवडाभरात त्याने स्वतःच्या बाजूला बोटही लावलेलं नाही. मग तो करत काय होता इथे?

माझी चादर बाकावर घडी घालून ठेवलेली. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

त्याला शोधलं तर कळलं, शनिवारी संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात नेलं. मला माझी लाज वाटली. खूप वाटली.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सणाचं जेवण. टर्की. आयलीला बोलावलं, ती हॉस्पिटलातून हलत नाही. आयरीनने डबा भरून दिला, मी पोचवला. टॉइवो झोपला होता. बरंच झालं, काय बोलणार होतो.

२७ नोव्हेंबर, रविवार

जठराचा कॅन्सर. पसरलाय. उन्हाळ्यापासून त्याला माहीत होतं.

उन्हाळ्यापासून! आणि मी त्याला सौनात बसायला सांगत होतो.

आयली बाहेर व्हरांड्यात सांगत होती, स्वेटरची बाही ओढत. "त्याने कुणाला सांगू दिलं नाही, कॅस. म्हणाला, कळलं तर मला हात लावू देणार नाहीत. मातीला." मग म्हणाली, "तुझ्यावर चिडलेला नाहीये तो. तू तसं तोंड करून बसू नकोस."

आत गेलो. उशीवर केवढासा दिसत होता. मी म्हटलं, तिकडे काहीच मिळालं नाही. तो म्हणाला, "वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसला असशील." बसलो होतो.

मग बराच वेळ दोघंही गप्प. पण या वेळी मलाही बोलता आलं नाही. निघताना कसंबसं म्हटलं, "टॉइवो, ते चादरीचं —" त्याने हात हलवला, माशी हाकलावी तसा.

२ डिसेंबर, शुक्रवार

घेतली. डावी बाजू घेतली!

ऊन पडलं होतं म्हणून गाडी अंगणात काढली, फिरत्या चकतीवर. चहूकडे बर्फ, वर निळं आकाश, त्यात ती चंदेरी गाडी सावकाश फिरतेय. साहेबलोक काळ्या ओव्हरकोटांत, हातमोजे घालून. आधी उजवी बाजू समोर आली. एकजण "हं" म्हणाला. मग चकती फिरली आणि डावी आली. उन्हाची तिरीप दारापासून निघाली, चाकावर चढली आणि शेपटीपर्यंत एकसंध पळत गेली. कुठे तुटली नाही, अडखळली नाही.  सगळ्यात मोठ्या साहेबाने हातमोजा काढला — उघड्या हाताने, त्या थंडीत — आणि मागच्या चाकावरून हात फिरवला. म्हणाला, "उभी आहे, तरी चाललीये." बस. संपलं.

बिग्जने सगळ्यांदेखत हात मिळवला. "कॅसिमिर डॉम्बेक, या गाडीचा मुख्य." आयरीन रडली, पोरं नाचली, मी दोन बिअर प्यायलो. थोरल्या पोराने विचारलं, बाबा, ती गाडी तू केलीस असं मी शाळेत सांगू? सांग म्हटलं.

झोप येत नाहीये. मेणबत्तीच्या ज्योतीवर बोट धरावं तसं मन सारखं तिथेच जातंय. मरायला टेकलेल्या मित्राला मी हरवलं. त्याचीच युक्ती वापरून — दारापासून. उद्या जाऊन सांगायला हवं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

३ डिसेंबर, शनिवार

सांगितलं. कसं सांगितलं ते लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

आधी हळूच म्हणालो, "निकाल लागला." तो म्हणाला, "डावी?" मी मान हलवली. वाटलं चेहरा पडेल. पडला नाही. डोळे उघडले नीट, उशीवर सरकून बसला. आयलीने आधार दिला.

"उन्हात काढली होती?"
"हो."
"मागच्या चाकावर उजेड कसा गेला? तुटला कुठे?"
"कुठेच नाही. दारापासून शेपटीपर्यंत. एक रेघ."
"दाराच्या खाचेत? तिथे थांबला असेल."
"नाही थांबला."
"प्रूइट?"
"थाप मारली पाठीवर."

तो हसला. ओठ फुटलेले, तरी हसला. आणि मग मला चढलीच. त्याला बरं वाटतंय म्हणून म्हणा, की मलाच बरं वाटत होतं म्हणून, मी बोलत सुटलो. साहेबाने हातमोजा कसा काढला, काय म्हणाला, बिग्ज कसा वितळला. आणि म्हणालो, "टॉइवो, ती चाकावरची रेघ आहे ना, ती मी शोधून काढली नाही, ती माझ्या हातातून उतरली. डोळे मिटून चढवली माती आणि ती बसली. अख्ख्या आयुष्यात असं एकदाच होतं. ती रेघ माझी आहे, बघ. माझी."

आयली खिडकीकडे वळली.

टॉइवो म्हणाला, "तुझा हात आहेच तसा."

मग म्हणाला, "ट्रकमध्ये नाही ना जाणार आता? आयरीनला सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं. त्याने डोळे मिटले. मी त्याच्या डाव्या बाजूची चादर नीट केली आणि निघालो.

घरी येताना वुडवर्डवर सिग्नलला थांबलो. शेजारी एक हिरवी गाडी उभी राहिली. तिच्याकडे बघवेना.

११ डिसेंबर, रविवार

टॉइवो पहाटे गेला.

१४ डिसेंबर, बुधवार

पुरलं. जमीन गोठलेली, आदल्या दिवशी कोळसे पेटवून मऊ करावी लागली होती. त्यांच्या चर्चमध्ये सगळं फिनिश भाषेत, मला कळलं नाही. शेवटी सगळे गायले तेव्हा कळलं.

खालच्या हॉलमध्ये कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. बिग्ज आला, प्रूइट आला. बिग्जने आयलीला सांगितलं, फार सरळ माणूस होता. तिने आभार मानले. एवढ्या वर्षांत त्याची बाजू एकदाही न घेणारा माणूस.

मी तिला म्हटलं, चोवीसला आमच्याकडे ये. आम्हा पोलिश मंडळींत नाताळच्या आदल्या संध्याकाळी अवचित येणाऱ्यासाठी एक जास्तीची थाळी मांडतात. ती म्हणाली, येईन. मग कपाकडे बघत म्हणाली, "तुम्ही सगळे शिकारीला गेला होतात ना, तो आठवडा फार चांगला गेला त्याचा. उभं राहवत नव्हतं, स्टूल घेऊन जायचा. घरी आला की नखांत माती, अंगाला गंधकाचा वास. एके दिवशी तर चक्क जेवला. मी विचारलं, एवढं काय करतोस रे? म्हणाला, आवरतोय."

आवरतोय. जायच्या आधी हत्यारं पुसून ठेवत असेल. तसाच होता तो. मी तिथे असतो तर भांडलो असतो, म्हणून मी नव्हतो तेच त्याला बरं वाटलं असणार. असं मनात आलं आणि पाव तसाच बशीत ठेवला.

१९ डिसेंबर, सोमवार

आज टॉइवोची बाजू खरवडली.

बिग्ज म्हणाला, दुसऱ्याला सांगतो. मी म्हटलं, नको, मीच. एरवी तो स्वतःच करायचा. आधी फिल्म सोलली. खाली मातीत सगळीकडे त्याचे ओरखडे, उलट्या बाजूने उतरणारे, पावसाच्या तिरप्या सरींसारखे. पट्टीने घोटूनही पुसट राहिलेले. मी पातं धरलं आणि मला काही सुचेना. प्रूइट लांब उभा होता, टाय खिशातून काढून उगाच घडी करत. म्हणाला, "कॉफी आणू?" आणली. गार झाली.

मग लागलो. घडी आधी गेली. पापुद्रे गुंडाळत खाली पडत होते. शीळ घालून बघितली, जमली नाही. दुपारपर्यंत उजवी बाजू म्हणजे नुसतं लाकडी हाड आणि वर खडबडीत माती. पापुद्रे बादलीत, बादली भट्टीत. नवी माती नसते आमच्याकडे, जुनीच वितळवून वापरतो.

उद्या डाव्या बाजूची फिल्म काढायची. मापं घ्यायची आणि ती उजवीकडे उलटी उतरवायची. माझी बाजू दोन्हीकडे. याच दिवसाची वाट बघत होतो ना मी?

२० डिसेंबर, मंगळवार

डावीची फिल्म सोलली. दारापर्यंत माझी माती, जुनी, गडद. दाराच्या मधोमधून पुढे चाकावर, शेपटीपर्यंत, नव्या घाण्याची फिकी माती. मी घाईत चढवलेली खरवडून टाकलेली; ही मी चढवलेली नाही.

हात आत घालून चाकाची कमान चाचपली. तिथे फिल्म पोचत नाही, म्हणून घोटत नाहीत, कच्चंच ठेवतात. दिवा धरून बघितलं. ओरखडे वरून डावीकडून खाली उजवीकडे, काल खरवडले तसेच.

आयलीकडे निघालोय. चोवीसपर्यंत थांबवत नाही.